तिसरा अडॅप्टर

आपल्या लोकांचा एक ठाम समज आहे. कुठलीही गोष्ट अपुरी पडली की तिच्यात अजून एक जोडायची. पंखा पुरत नाही, लाव अजून एक पंखा. प्लग पुरत नाहीत, खोच एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड. वायफायचंही तसंच. वरच्या खोलीत रेंज येत नाही ना, मग आण अजून एक डबी. ही डबी भिंतीतल्या विजेच्या सॉकेटमध्ये जाणारी, म्हणजे पॉवरलाइन अडॅप्टर असेल तर हा समज कुठे तोंडघशी पडतो ते आज जरा सविस्तर लिहायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना इथूनच सुटता येईल: दोन अडॅप्टर ही सोय आहे, पण तिसरा लावायची वेळ आली की आधी वायरमनला बोलवा. ऑनलाइन ऑर्डर नंतर.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि लॅन केबलने राउटरला जोडायचा. दुसरा लांबच्या खोलीत खोचायचा. मधली केबल म्हणजे घरातलीच विजेची वायर. तिच्यातून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची वीज जात असतेच. अडॅप्टर तिच्यावर साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बारीक सिग्नल चढवतो आणि पलीकडचा अडॅप्टर ते गाळून उतरवून घेतो. 50 हर्ट्झ आणि 2 मेगाहर्ट्झ यांच्यात इतकं अंतर आहे की वेगळं करणं अवघड नाही. या पट्ट्याचे हजारभर बारीक तुकडे करतात आणि वायरवर ज्या तुकड्यात गोंगाट कमी, त्यावर जास्त डेटा लादतात. कॉलेजात ओएफडीएम नावाचं जे प्रकरण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, तेच. दुसऱ्या अडॅप्टरमध्ये वायफायचा रेडिओ असला की त्या खोलीत मोबाईल, लॅपटॉप सगळं चालतं. भिंत फोडायला नको, वायर लोंबायला नको.

कल्पना काही नवी नाही. एखाद्या मोठ्या वीज उपकेंद्राजवळून जाल तेव्हा बघा, उच्च दाबाच्या तारांना जाडजूड ढोलासारखे पिंजरे जोडलेले दिसतात. ते वेव्ह ट्रॅप. मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून, एमएसईबीच्या काळात, उपकेंद्रातली माणसं याच वीजवाहक तारांवरून एकमेकांशी फोनवर बोलायची. तो ढोल बोलण्याचा सिग्नल नको तिकडे पळू देत नाही. घरातल्या वायरिंगमध्ये असा ढोल नसतो. पुढची सगळी कटकट तिथून सुरू होते.

आता मूळ मुद्दा. आमचं घर खामगावला. आजोबांनी बांधलेलं, खालच्या भिंती दीड फुटी विटांच्या, वरचा मजला नंतर चढवलेला. काही वर्षांपूर्वी रीतसर वाटणी झाली. अर्धं बाबांकडे, अर्धं काकांकडे, मीटर दोन. भांडण वगैरे काही नाही, सणाला पंगत एकच बसते. फायबर आलाय आमच्या बाजूला, समोरच्या बैठकीत. मावसभावाने इंग्लंडहून आणलेली अडॅप्टरची जोडी दोन वर्षं बिनबोभाट चालू होती. एक बैठकीत, एक बाबांच्या माडीवरच्या खोलीत. बाबा त्यावर कीर्तनं बघतात, मी सुट्टीत गेलो की काम करतो. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग चुलत बहीण बाळंतपणाला माहेरी आली. ती पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते, ती संपत आली. कंपनीने पुढचे तीन महिने घरून काम करायला परवानगी दिली, पण एका अटीवर: कॉल तुटता कामा नये. एका महिन्याची चाचणी, नाही जमलं तर पुण्याला हजर. नवरा एकटा, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बाळ सहा महिन्यांचं. म्हणजे प्रश्न चार-दोन एमबीपीएसचा नव्हताच. तीन महिने आजीच्या मांडीवर की पाळणाघरात, असा होता. खालच्या खोलीत बाळ झोपणार, त्यामुळे तिला बसायला शांत जागा एकच, काकांच्या बाजूची वरची खोली. आमच्या राउटरपासून दोन दीड फुटी भिंती, एक स्लॅब आणि एक वाटणी एवढ्या अंतरावर.

"वेगळं कनेक्शन का नाही घेतलं?" हा प्रश्न येणारच. अर्ज केला होता. आमच्या गल्लीतल्या डब्यात जागा नाही, नवा डबा बसला की देऊ, असं उत्तर मिळालं. तो डबा या घडीपर्यंत बसलेला नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट? गच्चीवर उत्तम, खोलीत संध्याकाळी सातनंतर रडका. मेश वायफाय? त्या डब्यांनाही एकमेकांशी हवेतूनच बोलायचं असतं, आणि दीड फुटी वीट त्यांनाही तेवढीच आडवी येते. तेव्हा काकांनी फर्मान काढलं, "तुह्या त्या डब्या आहेत ना, त्यातली एक अजून लाव."

तिसरा अडॅप्टर जोडणं हे काम म्हणाल तर पाच मिनिटांचं आहे. फक्त घेताना जात बघून घ्यायची. होमप्लग 1.0 आला 2001 मध्ये, एव्ही 2005 मध्ये, एव्ही2 2012 मध्ये. एव्ही आणि एव्ही2 एकमेकांशी बोलतात, 1.0 त्यांच्याशी बोलत नाही. हे होमप्लग मानक चालवणाऱ्या संघटनेने 2016 मध्ये सगळी कागदपत्रं सर्वांसाठी खुली केली. आता नव्या खोक्यांवर बऱ्याचदा जी.एचएन लिहिलेलं असतं. ती वेगळीच जात. होमप्लगच्या जोडीत जी.एचएनचा एक आणून लावला तर दोघं एकाच वायरवर एकमेकांच्या नावाने ओरडत बसतील, बोलणार नाहीत. आमची जुनी जोडी एव्ही2 ची, म्हणून मी एव्ही2 चाच, वायफायवाला, शोधून मागवला.

जोडण्याची पद्धत: नवा अडॅप्टर आधी जुन्याच्या शेजारच्या सॉकेटमध्ये खोचा. जुन्यावरचं पेअरचं बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत नव्यावरचं दाबा. दिवे स्थिर झाले की नव्याला घरच्या जाळ्याची 128 बिटांची किल्ली मिळाली. मग तो काढून हव्या त्या खोलीत न्या. हे बटण दाबणं टाळू नका. या जमातीतल्या डब्या कारखान्यातून एकाच ठरलेल्या पासवर्डने निघतात, आणि सिग्नल काही मीटरपाशी नाक घासून परत येत नाही, शेजाऱ्याकडेही डोकावू शकतो. त्याच्याकडेही तीच डबी असली तर बिनबोलावता पाहुणा.

वायफायच्या बाजूला तीन गोष्टी. नाव आणि पासवर्ड राउटरचाच द्या, म्हणजे फोन फिरताना आपोआप जोडला जाईल. चॅनेल मात्र वेगळं ठेवा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6 आणि 11 हेच एकमेकांवर न सांडणारे, आणि योगायोगाने डब्याही तीनच. आणि आयपी वाटायचं काम फक्त राउटरकडे राहू द्या, नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात. एवढं करूनही फोन कधीकधी लांबच्या डबीला चिकटून बसेल. कुठल्या डबीला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, डबी नाही. वायफाय बंद करून चालू करा, सुटेल.

हे सगळं झालं. डबी काकांच्या वरच्या खोलीत नेली, खोचली. दिवा लाल. मध्येच हिरवा व्हायचा, स्पीड टेस्ट दोन-तीन एमबीपीएस दाखवायची आणि परत लाल. काका खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "तारीतून वीज येते, नेट बी येते म्हन्तो. मंग मीटरपाशी कायले अडते?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. याचं उत्तर मला लॅपटॉपवर सापडण्यासारखं नव्हतं, ते खांबावर होतं. आमचे नेहमीचे वायरमन आले, दोन्ही मीटर बघितले आणि म्हणाले, "दादा, तुमचा फेज वायला, काकाचा वायला. मागच्या महिन्यात फेज उडाला तवा लाइनमननं काकाचा बदलून देल्ला." डीपीवरून गल्लीत तीन फेज येतात, घरं त्यावर वाटलेली असतात. एका फेजवरून दुसऱ्यावर सिग्नल थोडा गळतो, शेजारून जाणाऱ्या तारांमुळे. पण त्याचा भरवसा नाही. आणि समजा आज दोन्ही मीटर एकाच फेजवर असते आणि सगळं झकास चाललं असतं, तरी पुढच्या पावसाळ्यात एक फेज गेली, लाइनमनने भल्या मनाने काकांची लाइन दुसऱ्यावर टाकली, की बहिणीचा कॉल मधेच तुटला असता. कारण शोधायला मी पुण्यात बसून राउटरचे लॉग वाचत बसलो असतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचायला जड जातं, पण नेटवर्कचा नकाशा इथे खांबावर चढणाऱ्या माणसाच्या पक्कडीत असतो.

वायरमननी तोडगाही सुचवला: आमच्या मीटरवरून एक वायर काकांच्या खोलीत "फेकून" देतो. हे मात्र अजिबात करू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये, ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे ती सोडून दुसरीकडे वापरणं हा अनधिकृत वापर धरलाय. शिवाय वायरिंगच्या नंतरच्या डागडुजीत दोन मीटरचे न्यूट्रल कुठे चुकून एकत्र झाले तर काय होईल ते वेगळंच.

आम्ही शेवटी केलं ते असं. डबी काकांच्या घरात लावलीच नाही. आमच्या माडीवर, सामायिक भिंतीला लागून जी गॅलरी आहे, तिथे एक बोर्ड होता. तो आमच्याच मीटरवर. तिथे तिसरा अडॅप्टर लावला. तिथून काकांच्या खोलीची खिडकी आठ-नऊ फुटांवर. विजेच्या वायरने जिथवर नीट नेलं तिथवर नेलं, उरलेलं हवेवर सोडलं. त्या खोलीत 18 ते 20 एमबीपीएस मिळायला लागले. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात.

इथे खोक्यावरच्या आकड्यांबद्दल दोन शब्द. खोक्यावर 600 लिहिलेलं असतं. तो वायरवरचा आदर्श वेग, जाणं-येणं आणि सगळा हिशेबठिशेब धरून. त्यात बऱ्याच स्वस्त 600 वाल्या डब्यांचं लॅनचं भोक असतं 100 चं! शेजारच्या सॉकेटमध्येही मला 90 च्या वर काही मिळालं नाही. आणि मुख्य म्हणजे ही वायर सगळ्या अडॅप्टरमध्ये सामायिक असते. एका वेळी एकच बोलतो. तिसरा आला म्हणजे रस्ता रुंद झाला नाही, त्याच रस्त्यावर अजून एक गाडी आली. बाबांनी वर कीर्तन लावलं की बहिणीच्या वाट्यातूनच ते जाणार. "अजून एक जोडू" वाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेगापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे सकाळी दहाची. दहाला तिची रोजची मीटिंग, आणि दहालाच आमच्याकडे मिक्सर. मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, त्या ठिणग्यांचा गोंगाट नेमका अडॅप्टरच्या पट्ट्यात येऊन पडतो. पिंग दहा-बारावरून थेट दोनशेच्या पुढे. गंमत म्हणजे सगळ्यांचा संशय होता कूलरवर. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला की कूलर चोवीस तास चालतो, आणि आवाजही त्याचाच जास्त. पण त्याची मोटर बिनब्रशची, बिचारा निर्दोष निघाला. मिक्सरला फिल्टरवाला स्पाइक गार्ड लावला आणि अडॅप्टर थेट भिंतीत. बरेच जण नेमकं उलटं करतात. महागाची वस्तू म्हणून अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये खोचतात, आणि तो फिल्टर गोंगाट समजून अडॅप्टरचा सिग्नलच खाऊन टाकतो. आईला मिक्सर अकराला लावायला सांगणं हा पर्यायही चर्चेत आला होता. तो फेटाळण्यात आला :)

मग इन्व्हर्टर. आपल्याकडे इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढलेली असते, घरातले मोजके पॉइंट त्यावर. राउटर त्यावर होता, गॅलरीतला बोर्ड नव्हता. म्हणजे लाइन गेली की राउटर जिवंत, डबी मेलेली, कॉल गेला. बैठकीतला आणि गॅलरीतला, दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावे लागले. त्यासाठी वायरमनने पट्टीतून नवी वायर ओढली, आणि ती ओढताना माडीवरचे तीन पिनचे बोर्ड उघडले. अर्थची पिन कशालाच जोडलेली नाही! एव्ही2 मधले चांगले अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही वायरी वापरून जास्त वेग काढतात. आमच्या इंग्लंडच्या जोडीला ती सोय होती, आणि दोन वर्षं ती हवेत लोंबत होती. पण वेग जाऊ द्या. त्याच माडीवर आईचा वॉशिंग मशीन आहे. वायरमनला विचारलं तर म्हणाले, "घर बांधलं तवा अर्थिंग कोन करत होतं, दादा?" त्याच आठवड्यात अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग करून घेतलं. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम तेच, आणि त्याचा इंटरनेटशी संबंध जवळजवळ नाही.

म्हणून मी म्हणतो, तिसऱ्या अडॅप्टरच्या आधी वायरमन. पहिले दोन बहुतेक वेळा नशिबाने चालतात: एकच मीटर, एकच फेज, जवळचं अंतर. तिसरा लागतो तो हमखास घराच्या त्या भागात, जो नंतर बांधलाय, नंतर जोडलाय, किंवा वाटणीत गेलाय. तिथली वायरिंग कुणी, कधी, कशी केली ते घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

आणि वायरमन आलाच आहे तर पाइपाचं बोलून घ्या. आमच्याकडे चिखली म्हणा, मलकापूर म्हणा, खामगाव म्हणा, नवी घरं भराभर उठताहेत. पीओपीचं सिलिंग, त्यात रंग बदलणारे दिवे, देवघराला संगमरवर. पण बैठकीपासून वरच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबलसाठी एक रिकामा पाइप टाकलेलं घर मला ओळखीत एकही दिसलं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत यासाठी वेगळा विभाग आहे. ट्रायने 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन द्यायचे नियम आणले. पण ते मोठ्या संकुलांच्या जाहिरातीत झळकेल. खामगावच्या गल्लीत गवंडी आणि वायरमन ठरवतील तेच होणार, आणि त्यांना सांगणारं कुणी नाही. आपण सांगायला हवं. विजेच्या पाइपातून नव्हे, वेगळ्या पाइपातून, एवढंच. आमच्यासारखे शेगाव-अमरावतीला इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलेले लोक दिवाळीत घरी येऊन आईबाबांना नवा टीव्ही घेऊन देतात. एकदा पाइप टाकून द्या. परत येऊन महिनाभर घरून काम करावंसं वाटलं तर आपल्यालाच उपयोगी पडेल.

बहिणीची चाचणीची चार आठवडे पार पडली. दोनदा कॉल तुटला, दोन्ही वेळा लाइन गेली तेव्हा, इन्व्हर्टरवर जाताना अडॅप्टरने मिनिटभर दम खाल्ला म्हणून. कंपनीने ते चालवून घेतलं. बाळ खाली आजीजवळ झोपतं.

तरी तिसरा अडॅप्टर मी काढणार आहे. दिवाळीत वायरमन येतील तेव्हा बैठकीतून काकांच्या वरच्या खोलीत थेट केबल जाईल. भिंतीत भोक कुठे पाडायचं यावर काकांची आणि बाबांची बैठक झाली. दीड फुटी भिंत फोडायला दोघंही तयार नव्हते. मग काकूंनीच आठवण करून दिली की जिन्याजवळ एक दार होतं, वाटणीच्या वेळी बुजवलेलं, तिथे वीट एकेरी आहे. तिथून जाईल. दोन वेगवेगळ्या मीटरच्या घरांमध्ये तांब्यापेक्षा फायबर बरा, विजा कडाडायला लागल्या की फरक कळतो, म्हणून पाइप 20 मिमीचा न घेता 25 चा घ्यायला सांगितलाय. काकांची एकच अट आहे: गिलावा त्यांच्या बाजूने आधी झाला पाहिजे.